पान्हा फुटला, माया का नाही?

"ताई, सगळ्या बायकांना जे आपसूक येतं ते मला का येत नाही?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. बाळंतीण स्वतः विचारते. कधी तिची आई मला दाराबाहेर गाठून हळूच विचारते. कधी नवरा फोनवर "तिला बाळाची ओढच नाही हो" एवढंच म्हणून गप्प होतो. शब्द बदलतात, समजूत एकच असते: माया बाईला जन्मतःच मिळालेली असते, बाळ हातात आलं की ती आपोआप वर येते आणि जिच्यात येत नाही तिच्यात मुळातच काही कमी आहे. या समजुतीची दुसरी बाजू कुणी चिंता म्हणून माझ्यापुढे आणत नाही, कारण ती गृहीतच धरलेली असते. पुरुषाला हे जमायचं नाही, त्याचा तो पिंडच नाही.

ही समजूत कुणी पुस्तकात वाचून घेतलेली नसते. ती देवघरातून, व्रतांच्या कहाण्यांतून, कीर्तनातून आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या विधींतून येते. म्हणून तिच्याशी बोलण्याची रीतही वेगळी लागते. एका कुटुंबाबरोबर काम करताना हे मला फार स्वच्छ दिसलं. त्यांची परवानगी घेऊन, नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

मेघना बँकेत अधिकारी. आली तेव्हा मुलगी अडीच महिन्यांची होती. घर वारकरी, सासूबाई माळकरी, सासरे हयात असेपर्यंत वारी चुकली नव्हती. नीटनेटके कपडे, हातात बाळाच्या दुधाच्या वेळा लिहिलेली वही.

"मी तिला पाजते. वेळेवर पाजते. दूधही भरपूर आहे. पण आत काही हलत नाही, ताई. पाजताना मी घड्याळाकडे बघत असते."

"आणि आपण घड्याळाकडे बघतोय हे लक्षात आलं की मनात काय येतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "देवाने बाईला जे देऊन पाठवलं, ते माझ्यात घालायचं राहिलं."

थकलेली बाई "मी थकले" म्हणते. चिडलेली बाई "मला कुणी मदत करत नाही" म्हणते. मेघना यातलं काहीच म्हणत नव्हती. आपण घडतानाच चुकलो आहोत असं ती सांगत होती. माझं पुढचं सगळं काम या एका वाक्याशी होतं.

त्याआधी एक गोष्ट करावीच लागते आणि ती कुणीही टाळू नये. बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का, हे तपासून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो आणि त्यात नैराश्य मुख्य. दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली भरून घेतली, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी थायरॉइडची तपासणीही करायला सांगितली. डॉक्टरांना औषधाची गरज वाटली नाही. झोप वाढवा आणि समुपदेशन चालू ठेवा, असं त्यांनी सुचवलं. प्रत्येकीच्या बाबतीत निष्कर्ष हाच निघेल असं नाही. बाळ झोपलेलं असतानाही डोळ्याला डोळा लागत नसेल, कानात आवाज येत असतील, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

नैराश्य नाही हे कळल्यावर मी मेघनाला एक अभ्यास सांगितला. १९८० मध्ये ब्रिटनमधल्या रॉबसन आणि कुमार या संशोधकांनी नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना विचारलं होतं, की बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा काय वाटलं? पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं, की विशेष काहीच वाटलं नाही. बहुतेकींना पुढे काही दिवसांत ओढ वाटू लागली, काहींना बराच वेळ लागला.

मेघनाने ऐकून घेतलं. "त्या तिकडच्या बायका," म्हणाली आणि वही मिटली.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. तिची समजूत आकड्यांवर उभी नव्हती, मग आकड्यांनी कशी हलेल? माणूस लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींच्या आत राहतो असं मी मानते. माझ्या कामाची बैठकच ती आहे. त्यामुळे तिची समजूत खरी की खोटी हा वाद मी घातला नाही. विचारलं, "बाईला देव माया देऊन पाठवतो, हे तू पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंस?"

तिला लगेच आठवली ती पाचवीची रात्र. सासूबाईंनी पूजा मांडली होती, पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते ना, त्यासाठी. मुलगी म्हणून त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, "पोरीच्या कपाळी माया आधीच लिहिलेली असते, बाकीचं सटवाई आता लिहील." मग मेघनाला आणखी मागचं आठवलं. श्रावणात आजी भिंतीवर जिवतीचा कागद लावायची आणि मुलांना ओवाळायची. शुक्रवारच्या कहाण्या. शाळेतल्या भाषणांत दर वेळी येणारं 'यत्र नार्यस्तु पूज्यन्ते'.

"हे सगळं तर चांगलंच होतं, ताई. कुणीच मला वाईट बोललं नाही."

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींचा पाय इथेच अडकतो. धार्मिक परंपरेतला स्त्रीचा अपमान आपल्याला चटकन ओळखू येतो. मनुस्मृतीत नवव्या अध्यायात स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही असं म्हटलं आहे, ते ठाऊक नसलेली शिकलेली बाई विरळाच. ते वाचून तिला राग येतो आणि त्या रागाने ती सुटते. त्याच मनुस्मृतीत दुसऱ्या अध्यायात माता गौरवाने हजार पित्यांहून श्रेष्ठ आहे असंही म्हटलं आहे. या ओळीवर रागावणार कसं? पण बाईचा स्वभाव अमुकच असतो असं दोन्ही ठिकाणी आधीच ठरवून टाकलेलं आहे. एका ठिकाणी त्यापायी तिला बांधलं आहे, दुसऱ्या ठिकाणी त्यासाठीच तिला मखरात बसवलं आहे. मखरातली बाई हलली तर ती आपल्याच नजरेतून उतरते. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये स्त्रियांविषयीच्या पूर्वग्रहाचे हे दोन चेहरे, शत्रुत्वाचा आणि गोडव्याचा, वेगवेगळे मोजून दाखवले. पुढे ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या गॅलिशियात पाहणी केली. तिथे कॅथलिक धार्मिकतेचा संबंध गोडव्याच्या पूर्वग्रहाशी दिसला. माझ्या खोलीतही स्तुतीनेच जास्त जणींना जखडलेलं मी पाहते.

आणि हे एका धर्माचं नाही. ख्रिस्ती घरातली मुलगी मरियमेच्या शेजारी स्वतःला उभं करून खुजी ठरते. मुस्लिम घरातली मुलगी आईच्या पायाखाली जन्नत असते हे ऐकत वाढलेली असते आणि मग आपल्या पायाखाली काय आहे या विचाराने झुरते. जिथे २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झालेल्या मनुस्मृतिदहनाची आठवण दर वर्षी अभिमानाने काढली जाते, अशा घरांतही "बाईची जातच मायेची" हे वाक्य मी ऐकलं आहे. ग्रंथ जाळता येतो, पण अशी वाक्यं घराच्या बोलण्यात मुरलेली असतात.

पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्याला, अजितलाही बोलावलं. तो सुरुवातीला फक्त बायकोबद्दल बोलत राहिला. मी विचारलं, "रात्री बाळ रडतं तेव्हा कोण घेतं?"

त्याने मेघनाकडे पाहिलं. तीच म्हणाली, "हाच घेतो. याच्या खांद्यावर ती दोन मिनिटांत झोपते."

"मग हे आईंना माहीत आहे?"

"नाही," अजित म्हणाला. "मी दिवा न लावता हॉलमध्ये फिरवतो. आई बघेल तर म्हणेल, बाप्याला काय कळतंय त्यातलं. आणि खरं सांगू का? मला जमतंय हेच चमत्कारिक वाटतं. मेघनाचं काहीतरी आपण घेतोय असं वाटतं."

एकाच समजुतीने दोघांना दोन बाजूंनी गाठलं होतं. जे आपल्याकडे असायला हवं ते नाही म्हणून ती अपराधी. जे आपल्याकडे असायला नको ते आहे म्हणून तो ओशाळलेला. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात ६२४ पुरुषांचा काही वर्षं मागोवा घेऊन २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्याला सांगितला. बाप झालेल्या पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं होतं आणि रोज मुलांना तीन तास किंवा जास्त वेळ देणाऱ्यांमध्ये ते कमी आढळलं. बाळ सांभाळणं पुरुषाच्या शरीरालाही कळतं. अजितला हे आवडलं. पण त्याचाही प्रश्न मेघनासारखाच होता: हे आईला कसं पटणार?

मग मी अजितच्या आईला, काकूंनाच बोलावलं.

त्या आल्या त्या सावध. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. ही बाई आता आपल्याला आधुनिक विचार शिकवणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला त्यांना काही शिकवायचं नव्हतं. त्यांच्याकडे जे होतं ते मेघनाला ऐकवायचं होतं.

"काकू, मेघना सांगत होती तुम्हाला पुराणातल्या गोष्टी फार येतात. मला सांगा, शकुंतलेला वाढवलं कुणी?"

"कण्वांनी," त्या लगेच म्हणाल्या. "मेनका टाकून गेली ना तिला."

"आणि कर्णाला?"

"राधेनं. कुंतीनं पेटीत घालून सोडला होता."

"गंगेनं तर..."

"सात सोडली पाण्यात. पण ते वसू होते, त्यांना शाप होता, म्हणून," त्यांनी गंगेची बाजू घेतली. मला ते आवडलं. आपल्या गोष्टींवर प्रेम असलेलं माणूस असंच बोलतं.

"बरं, श्रावणात जिवतीचा कागद लावता ना? त्यावरची जरा कोण?"

आता त्या खुलल्या. "राक्षसीण होती ती. जरासंधाची गोष्ट आहे. राजाच्या दोन राण्या, ऋषीनं दिलेलं फळ दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं, तर मूल अर्धं अर्धं जन्मलं. दोन तुकडे. ते बाहेर नेऊन टाकले. ही जरा मांस खाणारी, ती ते उचलायला गेली, तुकडे जोडून धरले तर सांधले आणि पोर रडायला लागलं! मग तिनं काही खाल्लं नाही. राजाला नेऊन दिलं. म्हणून तिला पुजतात, लेकरं राखते म्हणून."

"टाकायला कुणी सांगितलं होतं?"

"आयांनीच." काकू बोलता बोलता थांबल्या. मेघनाकडे वळल्या नाहीत, पण आवाज उतरला. "अर्धं पोर बघून घाबरल्या होत्या बिचाऱ्या."

मेघना रडायला लागली. इतक्या भेटींत ती पहिल्यांदा रडत होती. कितीतरी वेळ तिला बोलता येईना. मग म्हणाली, "आई, मला भीती वाटते हो तिची. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा मी रोज बाहेर उभी राहायचे आणि वाटायचं, आता कुणीतरी येऊन सांगेल. आठ दिवस. घरी आणली तरी ते जात नाही. मान धरताना हात कापतो. मी घड्याळ बघते, कारण तिच्याकडे बघितलं की पोटात गोळा येतो."

बाळ जन्मतः अतिदक्षता विभागात होतं हे तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, एका ओळीत, माहिती म्हणून. डॉक्टरांच्या कागदातही ते होतं. पण ती भीती कुणाला दिसली नव्हती, तिला स्वतःलाही नाही, कारण भीतीला आईपणात जागाच नव्हती. जी माया उपजत असायला हवी ती नाही, एवढंच तिला दिसत होतं. ओढ होती, प्रचंड होती. गमावण्याच्या धास्तीने ती गोठली होती. जिवतीच्या कागदावरच्या जरेच्या गोष्टीतल्या त्या दोन राण्यांनी तिला ते बोलायला तोंड दिलं. देवघरातल्या भिंतीवर, ज्या गोष्टीची पूजा होते त्याच गोष्टीत, स्वतःच्या बाळाला घाबरलेल्या आया आहेत आणि त्यांना बिचाऱ्या म्हणणारी सासू समोर बसली आहे. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात. त्या क्षणी समुपदेशकाने काही बोलू नये. मी बोलले नाही.

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि तिचा हात धरला.

थोड्या वेळाने मीच विचारलं, "काकू, जनाबाईच्या जात्यावर दळायला कोण बसायचं?"

त्या डोळे पुसत हसल्या. "विठोबा. दळायचा, शेणी वेचायचा, तिच्या डोईतल्या उवासुद्धा काढायचा." मग अजितकडे बघून जरा करारीपणे, "पण तो देव आहे. त्याचं निराळं."

"आणि अजितचे वडील?"

त्यावर त्या इतका वेळ गप्प राहिल्या की प्रश्न मागे घ्यावा असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "हा फार रडका होता. माझ्याकडे राहायचाच नाही. हे त्याला खांद्यावर टाकून हरिपाठ म्हणायचे. दार लावून. सासूबाईंना दिसू नये म्हणून."

अजितला हे माहीत नव्हतं. तो आईकडे बघतच राहिला.

त्या घरातल्या पुरुषांना बाळ सांभाळणं दोन पिढ्या जमत होतं आणि दोन पिढ्या ते लपवलं जात होतं. लपवलेलं दिसत नाही, म्हणून पुरुषांना जमत नाही ही समजूत खरीच वाटत राहते. मुलगी भीती लपवते, मुलगा माया लपवतो आणि घर म्हणतं, बघा, निसर्गच तसा आहे.

मी धर्माच्या बाजूने बोलते आहे की विरोधात, असं मला कार्यशाळांत विचारतात. माझ्याकडे आलेल्या माणसाला श्रद्धा बाजूला ठेवून या, असं मी सांगत नाही. काकूंची माळ काढून मेघना बरी झाली नसती. परंपरेत फक्त मायाळू कथा आहेत असंही मी म्हणत नाही. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगात वेद-पुराणं स्त्रीच्या संगतीत हित नाही असं सांगतात हे दुखऱ्या स्वरात नोंदवलं आहे; आपण तर बाईच्याच देहात, मग परमार्थ कसा साधायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विचारलं, की जे दोष बाईच्या स्वभावाला चिकटवता ते पुरुषात नाहीत का? बायकांना हे आधीपासून टोचत आलं आहे आणि त्या बोललेल्याही आहेत.

माझं म्हणणं असं, की परंपरा ही पुष्कळ आवाजांची असते आणि घर त्यातला एखादाच आवाज उचलून त्याला निसर्ग म्हणतं. सांख्य दर्शनात सगळी हालचाल प्रकृतीची, म्हणजे स्त्रीरूप मानलेल्या मूळ निसर्गाची; पुरुष, म्हणजे चैतन्य, नुसता साक्षी. पुढे शाक्त परंपरेत शक्तीवाचून शिवालाही हलता येत नाही. चिनी परंपरेत मात्र स्त्रीचं यिन शांत, स्वीकारणारं आणि पुरुषाचं यांग चळवळं. दोन थोर परंपरा स्त्री आणि पुरुष यांच्या मूळ स्वभावाबद्दल अगदी उलट सांगतात आणि दोन्हीकडच्या आज्या तितक्याच खात्रीने बोलत असणार. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात श्रीकृष्ण स्त्रीरूपांत आपण कोण हे सांगतो. त्यात क्षमा आहे, तशी मेधा आणि धृतीही आहे. बुद्धी आणि धीर. हा श्लोक म्हणणाऱ्या कितीतरी घरांत "बायकांची बुद्धी" हे हिणवायला वापरतात.

शरीरात फरक नाहीत असं मी कुणालाही सांगत नाही. गर्भ बाई वाढवते, पान्हा तिला फुटतो. पण दूध आणि ओढ यांची वेळ एकच असेल असं नाही. ओढ सहवासातून वाढते, स्पर्शातून वाढते, भीती कमी झाली की वाढते. म्हणून नव्या आईला माझं पहिलं सांगणं असतं, की "मला काही वाटत नाही" याच्या खाली काय आहे ते कुणाला तरी सांग. थकवा असेल, टाक्यांचं दुखणं असेल, कठीण बाळंतपणाची दहशत असेल. सासूबाईंना आणि आयांना विनंती, की "आईला कळतंच" हे वाक्य काही महिने बोलू नका. कौतुकाने बोललात तरी नको. त्याऐवजी तुमच्या पहिल्या बाळंतपणात तुम्हाला काय कळत नव्हतं ते सांगा. आणि बापांनो, दिवा लावून फिरवा बाळाला.

मेघनाच्या बाबतीत आम्ही कांगारू पद्धत घेतली, बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात कमी वजनाच्या बाळांसाठी ती सुरू झाली आणि ती बापालाही करता येते. बाळ आता पुरेसं वाढलं होतं, तरी डॉक्टरांना विचारून घेतलं. आधी अजित बसायचा आणि मेघना शेजारी. मग उलट. मान धरायची भीती जायला काही आठवडे लागले. एके दिवशी तिने वही आणली नाही. मी त्याविषयी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बाळाला ताप आला की तिला अजूनही धडकी भरते, अंगाई म्हणायला नको वाटते, ती बाळाला बातम्या वाचून दाखवते. काकूंना ते पटत नाही, पण बोलत नाहीत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने आईला २६ आठवडे पगारी रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला केंद्राच्या कायद्याने अशी रजा नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस आहे. माया कुणाच्या कपाळी लिहिली आहे याचा निर्णय इथेही आधीच झालेला दिसतो. मेघना गेल्या महिन्यात बँकेत रुजू झाली तेव्हा अजितने स्वतःची साठलेली रजा टाकली. काकूंनी हरकत घेतली नाही. साहेबांनी घेतली, "घरात बाई नाही का?" असं विचारून. त्यांना काय उत्तर द्यायचं यावर अजित आणि मी सध्या बोलतो आहोत.